पेल्यात दिसणारी खोली

बोरिवली पश्चिमेला, बाभईच्या एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर रविवारी सकाळी चित्रकलेचा क्लास भरतो. सप्टेंबर महिना, म्हणजे एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा तोंडावर आलेल्या. खोलीच्या मधोमध स्टुलावर 'ग्रुप' लावला आहे: जुन्या पडद्याचं मरून कापड, त्याला मुद्दाम पाडलेल्या चुण्या, स्टीलचा तांब्या, पाऊण भरलेला काचेचा पेला, एक वांगं आणि अर्धा चिरलेला कांदा. भोवती अर्धवर्तुळात आठवी-नववीची मुलं. मांडीवर बोर्ड, बोर्डाला क्लिपा, क्लिपांखाली क्वार्टर इम्पिरियल कागद. बोलणं फारसं नाही. डब्यातल्या पाण्यात ब्रश खळबळल्याचा आवाज तेवढा.

तासाभराने चित्रं भिंतीला टेकवून ठेवली. वांगी सगळ्यांची निराळी होती. कुणाचं जांभळं, कुणाचं काळपट, एकाचं तर चक्क तपकिरी. कापडाच्या चुण्याही ज्याच्या त्याच्या होत्या. पेले मात्र सगळ्यांचे एकसारखे: फिकट निळे आणि डावीकडे वरच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा एक फटकारा.

बाईंनी एका मुलाला उठवून ग्रुपजवळ नेलं. "यात निळं कुठंय? बोट ठेवून दाखव." मुलगा वाकून बघत राहिला. पेल्यात खाली मरून होतं, मधे तांब्याची वाकडी राखाडी पट्टी होती, वांग्याच्या देठाचा हिरवा ठिपका भलत्याच बाजूला गेला होता. निळं कुठेच नव्हतं.

"पण बाई, काच अशीच काढतात ना?"

यंदाच्या अंकाचा विषय 'पारदर्शक' आहे असं संपादकांनी कळवलं, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा महापालिकेच्या फायली आणि माहितीचा अधिकार असावा. त्यावर अधिकाराने लिहिणारे पुष्कळ आहेत. मी त्या मुलाच्या प्रश्नामागे गेलो. काच कशी काढतात, चकाकणारं भांडं कसं काढतात, आणि ज्याला स्वतःचा रंगच नाही त्याचं चित्र काढायचं म्हणजे नेमकं कशाचं काढायचं, हे उपनगरांत फिरून बघितलं.

वाढीव गुणांचा पेला

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन परीक्षांची मराठी वाचकाला ओळख करून द्यायला नको. घरात कुणीतरी दिलेली असतेच, आणि प्रमाणपत्र कपाटात कुठेतरी असतंच. कला संचालनालय त्या घेतं. एलिमेंटरीला वस्तुचित्र असतं, इंटरमिजिएटला त्याचंच थोरलं भावंड, स्थिरचित्र. त्यासाठी तीन तास मिळतात. दरवर्षी राज्यभरातून लाखो मुलं बसतात आणि त्यातली सगळीच काही रंगांच्या ओढीने बसत नाहीत. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात: 'अ'ला 7, 'ब'ला 5, 'क'ला 3. हे गुण यायला लागले तशा क्लासच्या पाट्याही वाढल्या. बोरिवली, मुलुंड, घाटकोपरला स्टेशनपासून घरापर्यंत चालत गेलात तरी दोन-चार दिसतील.

तीन तास आणि सात गुण, या दोन गोष्टींमुळे काच शिकवली जाते ती पाककृतीसारखी. निळा जरासा, पाणी भरपूर, कडेला गडद रेघ, वर लंबवर्तुळ, शेवटी पांढरा फटकारा, ज्याला क्लासच्या भाषेत 'हायलाइट मारणे' म्हणतात. हे केलं की कागदावर काच होते, निदान काच म्हणून ओळखता येते. कृतीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. एका रविवारी तीस मुलं, एक बाई आणि परीक्षेला तीन आठवडे, अशा हिशोबात तीच उपयोगी पडते.

पण ती कृती आली कुठून, हे पाहण्यासारखं आहे. बऱ्याच मुलांच्या पांढऱ्या फटकाऱ्यात एक उभी आणि एक आडवी रेघ होती. चार तावदानांच्या उंच खिडकीचं ते प्रतिबिंब. बाभईच्या त्या खोलीत तशी खिडकीच नाही. तिथे सरकत्या काचा आहेत, बाहेर बॉक्स ग्रिल, ग्रिलमध्ये कुंड्या आणि वाळत घातलेला टॉवेल, आणि छताला एक लांब ट्यूबलाइट. त्या चौकटी सतराव्या शतकातल्या हॉलंडच्या. विल्यम हेडा आणि विल्यम काल्फ या चित्रकारांनी हिरवट जाड काचेचे वाइनचे पेले रंगवले, त्यांच्या फुगीर पोटावर स्टुडिओची खिडकी वाकून उमटलेली असायची. त्यांच्यासमोर ती खिडकी होती, म्हणून त्यांनी ती काढली. तिथून ती पुस्तकांत गेली, पुस्तकांतून मोबाइलवरच्या धड्यांत, आणि शेवटी बाभईच्या पेल्यावर येऊन बसली. समोरच्या ग्रिलची सावली मात्र कुणीही काढली नव्हती.

तेलात हरवणारी नळी

काच दिसते ती कशामुळे? याचं उत्तर ज्याला स्वयंपाकघरात करून बघायचं असेल त्याने बोरोसिलची परीक्षानळी किंवा छोटा बीकर घ्यावा आणि मोठ्या काचेच्या भांड्यात खाद्यतेल ओतून त्यात बुडवावा. बुडालेला भाग दिसेनासा होतो. बोट घातलं तर हाताला लागतो, डोळ्यांना नाही.

प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्यात शिरताना वाकतो आणि थोडासा उलटा फिरतो, तो त्या दोन माध्यमांत फरक असतो म्हणून. हवेचा अपवर्तनांक 1, पाण्याचा 1.33, साध्या काचेचा 1.5 च्या आसपास. बोरोसिलिकेट काचेचा 1.47, आणि योगायोगाने खाद्यतेलांचाही तितकाच. फरक मिटला की वाकणं मिटतं, परावर्तन मिटतं, काच संपते. म्हणजे चित्रकार जे रंगवतो ते काच नसतंच. काच आणि हवा यांच्यातला फरक असतो. साधा पेला त्याच तेलात घातला तर पुसट का होईना, दिसत राहतो.

बोरोसिलचं नाव मी उगीच घेतलं नाही. 1962 साली अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या सहकार्याने सुरू झालेल्या या कंपनीचा काचकारखाना अंधेरी पूर्वेला मरोळमध्ये होता. देशभरातल्या प्रयोगशाळांत जाणारी काच तिथून निघायची. पुढे कारखाना गेला, जमीन बिल्डरकडे गेली, मरोळला उंच इमारती आल्या. आणि कॅम्लिनचा पत्ता कितीतरी वर्षं अंधेरी पूर्वेचाच, जे. बी. नगरचा. 1931 साली दांडेकरांनी शाईपासून सुरू केलेला हा उद्योग पुढे रंगपेट्यांपर्यंत पोचला आणि मराठी शाळेतल्या प्रत्येक दप्तरात उंटाचं चित्र आलं. काच आणि ती रंगवायचे रंग, दोन्ही मुंबईच्या एकाच उपनगराच्या पत्त्यावर होते, याची नोंद कुणी घेतल्याचं मला आठवत नाही. म्हणून इथे घेतो.

परत पेल्याकडे. काचेवर समोरून सरळ पडलेला प्रकाश जवळजवळ सगळा आरपार जातो. प्रत्येक पृष्ठभागावर शेकडा चारच्या आसपास परततो. म्हणून पेल्याच्या मधल्या भागात काच जवळपास नसते, मागचं कापड तेवढं दिसतं. कडेला मात्र नजर काचेला घासून जाते. तिथे परावर्तन झपाट्याने वाढतं, काचेची जाडी जास्त लागते आणि प्रकाश इतका वाकतो की खोलीतल्या कुठल्यातरी दूरच्या कोपऱ्यातला उजेड किंवा अंधार त्या कडेवर येऊन बसतो. त्यामुळे कडा एकतर अतिशय गडद असते किंवा अतिशय उजळ, मधलं काही क्वचित. पेल्याभोवती सगळीकडे एकाच जाडीची रेघ ओढणाऱ्या मुलांना बाई हेच सांगत होत्या: रेघ तुटू दे, कुठे काळी, कुठे कोरी.

पाणी भरलेला पेला तर आणखी खट्याळ. तो उभं भिंग होतो. मागची वस्तू त्याला अगदी चिकटून असेल तर ती आडवी फुगलेली दिसते. तीच वस्तू पेल्याच्या मागच्या बाजूपासून साधारण त्याच्या निम्म्या रुंदीपेक्षा लांब सरकवली की डावं-उजवं पालटतं. वरचं-खालचं मात्र जसंच्या तसं राहतं. देठाचा हिरवा ठिपका भलत्या बाजूला गेला होता तो यामुळे. मुलाने तो पाहिला होता, पण 'चुकीच्या' बाजूला आहे म्हणून सोडून दिला होता. आणि पेल्याची सावली! काळी सावली काढून मुलं मोकळी होतात, पण पाण्याने गोळा केलेला उजेड सावलीच्या मधोमध चकचकीत पट्टा पाडतो. त्या दिवशी तो पट्टा मरून कापडावर जवळपास शेंदरी दिसत होता. तो तेवढा एका मुलीने पकडला होता, पेला निळाच ठेवून.

तांब्यात छत, पेल्यात कापड

काच तरी आरपार दाखवते. स्टील काहीच लपवत नाही आणि स्वतःचं काहीच दाखवत नाही.

आपल्या घरांतून पितळ-तांबं माळ्यावर गेलं आणि स्टील खाली उतरलं, हा बदल चित्रकलेच्या क्लासमध्येही झाला. जुन्या स्थिरचित्रांतून तांब्याचं घंगाळ, पितळेची समई, कल्हईचं पातेलं असायचं. आता घरातून 'काहीतरी भांडं आण' म्हटलं की स्टीलचा डबा येतो. भाईंदरच्या भांड्यांच्या कारखान्यांत बफिंगच्या चाकावर त्याला आरशासारखी चकाकी आणलेली असते. पितळ रंगवणं त्या मानाने सोपं, कारण त्याला रंग आहे. धातूचं एक वैशिष्ट्य असं की तांबं-पितळ परत फिरवलेल्या उजेडालाही आपला रंग देतं. पितळेवरची चमक पिवळसरच असते, तांब्यावरची तांबूस. वांग्याच्या सालीवरची चमक पांढरीच, साल जांभळी असली तरी. वांगं आणि पितळी गडवा शेजारी ठेवून हा फरक दाखवणारे शिक्षक मला भेटले, आणि त्यांनी गडवा पितांबरीने अर्धाच घासला होता. घासलेल्या अर्ध्या भागात खिडकी धारदार दिसत होती, न घासलेल्या अर्ध्यात तीच खिडकी मऊ, पसरलेली, जवळपास नुसता उजेड. 'मॅट' आणि 'ग्लॉसी' यावर तासभर बोलून जे समजलं नसतं ते एका गडव्याने सांगितलं.

स्टीलला रंग नाही म्हणून मुलं त्याला राखाडी रंगवतात. वास्तविक ते मरून कापडावर ठेवलं तर निम्म्याहून जास्त मरून असतं. याचं कारण आपल्याकडच्या स्टीलच्या पेल्याच्या घडणीत आहे. तो वर रुंद आणि खाली निमुळता असतो, म्हणजे त्याची भिंत किंचित खाली झुकलेली. आपण वरून बघतो. नजर भिंतीवर आपटते आणि खालीच परतते, टेबलावरच्या कापडावर. छत त्यात जवळजवळ येतच नाही. तांब्याचं उलट. त्याचं पोट गोल. वरच्या अर्ध्या गोलात ट्यूबलाइट, पंखा, खिडकी, खालच्या अर्ध्यात कापड, आणि दोहोंच्या सीमेवर, जिथे पोट सर्वांत फुगलेलं असतं तिथे, भोवती बसलेली माणसं. मधोमध स्वतः रंगवणारा, चिमुकला, गुडघ्यावर बोर्ड घेतलेला. कडांकडे सरकावं तसं खोलीचं उरलेलं सगळं दाबून दाबून भरलेलं, अगदी कडेला भांड्यामागची भिंतसुद्धा. उभ्या गोल भांड्यात तर खोली नुसत्या उभ्या पट्ट्यांची होते. मुलांना त्या पट्ट्या दिसतात. पण त्या म्हणजे दरवाजा, शेजारणीचा पांढरा गणवेश आणि फ्रिज आहेत, हे सांगितल्याशिवाय कळत नाही. सांगितल्यावर मात्र ती आपापल्या पट्ट्या मोजायला लागतात आणि वर्गात पहिल्यांदा गोंगाट होतो.

क्लारा पीटर्स ही बाई चारशे वर्षांपूर्वी अँटवर्पच्या परिसरात स्थिरचित्रं करत होती. 1612 मधल्या तिच्या एका चित्रात सोनेरी चषकाच्या फुगीर टिकल्यांवर एक इवलासा चेहरा उमटलेला आहे, एकदा नाही, अनेकदा. तो तिचा स्वतःचा. स्त्री चित्रकारांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी होती, त्या काळात तिने भांड्यात सही करून ठेवली असं म्हणायला हरकत नाही. त्याआधी 1434 मध्ये यान व्हॅन आइकने एका नवरा-बायकोच्या चित्रात मागच्या भिंतीवरच्या गोल आरशात दरवाजातून आत येणारी दोन माणसं दाखवली होती. चित्रात जे नाही ते चकाकणाऱ्या वस्तूच्या वाटेने चित्रात येतं, हे त्या लोकांना फार लवकर उमगलं होतं.

काळ्या पुठ्ठ्याची युक्ती

मरोळहून साकीनाक्याच्या बाजूला औद्योगिक वसाहतींचे गाळे आहेत. त्यातल्या काहींत आता यंत्रं नाहीत, जाहिरातींचं छायाचित्रण चालतं. अशाच एका गाळ्यात सरबताच्या बाटलीचं 'टेबलटॉप' शूट चाललेलं बघायला मिळालं. बाटली एक, भोवती माणसं आठ-दहा, आणि सगळ्यांचं लक्ष बाटलीवर नसून बाटलीत काय दिसतंय यावर.

मागून मोठा दिवा, त्याच्यापुढे ताणून लावलेला बटर पेपर. म्हणजे बाटलीमागे एकसारखा पांढरा उजेड. त्या उजेडात बाटलीच्या कडा विरून जातात, तेलातल्या नळीसारख्याच. मग दोन्ही बाजूंना, कॅमेऱ्यात येणार नाहीत असे, काळे पुठ्ठे उभे केले जातात. काचेच्या कडा तो काळा रंग उचलतात आणि बाटलीभोवती कुणी पेनाने ओढावी तशी रेघ तयार होते. पुठ्ठा दोन बोटं पुढे सरकवला की रेघ जाड, मागे घेतला की बारीक. दुसरी पद्धत अगदी उलटी: मागे काळं, दिवे बाजूंना, मग कडा उजळतात आणि पोट अंधारात राहतं. दारूच्या पेल्यांच्या आणि अत्तरांच्या जाहिराती बहुतेक या दुसऱ्या पद्धतीच्या. बाटलीवरचे थंडगार थेंब ग्लिसरीन-पाण्याचे, बर्फ अॅक्रिलिकचा, आणि उजेड परत फेकायला थर्माकोलचे तुकडे. मुंबईच्या शूटिंगमध्ये थर्माकोलवाचून पान हलत नाही.

तिथल्या एका सहायकाने सांगितलं की दिवसाचा निम्मा वेळ 'नको ते' बाटलीतून काढण्यात जातो: कॅमेऱ्याचा पाय, कुणाचा पांढरा शर्ट, बाहेर जाण्याच्या दाराची हिरवी पाटी. म्हणूनच तिथे सगळे काळे टीशर्ट घालतात. क्लासमधली मुलं पेल्यात कोण दिसतं ते शोधत होती, इथली माणसं तेच हुसकावून लावत होती. ज्ञान तेच, फक्त इथे वस्तूला खोली विसरायला लावतात.

मला व्यक्तिशः बाभईचा तांब्या जास्त आवडला. जाहिरातीतली बाटली कुठेच नसते.

कोरा कागद, काळा कागद

जलरंगात पांढरा रंग वापरायचा नाही, हा जे. जे. कलाशाळेच्या परंपरेत मुरलेला दंडक. 1857 साली सुरू झालेल्या या शाळेतून जलरंगाची जी घराणी निघाली, त्यांनी कागदाचा कोरेपणा हाच प्रकाश मानला. चकाकी रंगवायची नाही, राखायची. म्हणजे सुरुवातीलाच ठरवावं लागतं की शेवटी उजेड कुठे असणार. पोस्टर कलरमध्ये चूक झाकता येते, वरून पांढरा मारता येतो; पण तो पांढरा खडूसारखा दिसतो, उजेडासारखा नाही. जे. जे.चे अधिष्ठाता राहिलेले प्रल्हाद अनंत धोंड यांच्या समुद्रचित्रांतली ओली वाळू बघावी. तिथे ब्रश फिरलेलाच नाही, आणि नेमकं तिथेच आभाळ उतरलेलं दिसतं. आत्मकथनाला 'रापण' असं नाव देणाऱ्या कोकणच्या माणसाला पाण्याची चमक शिकवायला कुणी गुरू लागला नसावा.

त्याआधीच्या पिढीतले सावळाराम लक्ष्मण हळदणकर. जन्म सावंतवाडीचा, 1882 चा. 1908 साली त्यांनी मुंबईत स्वतःची कलाशाळा काढली. त्यांचं म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगचित्र घराघरांतल्या कॅलेंडरांवर पोचलं, आणि राजा रविवर्म्याचं म्हणून पोचलं, ही त्यातली खंत. हळदणकरांची मुलगी गीता या चित्रासाठी मॉडेल म्हणून उभी राहिली होती. चित्र 1945-46 च्या सुमाराचं. त्यात ज्योत दिसत नाही. ज्योतीपुढे आडवा धरलेला हात दिसतो, आणि बोटांच्या फटींतून, बोटांच्या मांसातूनही, झिरपणारा तांबूस उजेड. काच नाही, आरसा नाही, आणि तरी पारदर्शकतेचा याहून अवघड धडा मराठी चित्रकलेत दुसरा नसेल. हात पूर्ण अपारदर्शक असता तर दिव्याचा भास झालाच नसता.

सोलापूर जिल्ह्यातल्या शिरापूरचे शशिकांत धोत्रे आज नेमकं उलट्या टोकाने काम करतात: काळा कागद आणि रंगीत पेन्सिली. इथे अंधार आयता मिळतो आणि उजेड एकेक रेघ करून वर आणावा लागतो. भांड्याची चमक किंवा साडीच्या काठाची चकाकी काळ्या कागदावर का उठून दिसते, हे साकीनाक्याच्या गाळ्यातली दुसरी पद्धत पाहिलेल्याला लगेच कळेल. क्लासमध्ये मात्र काळा कागद क्वचितच वापरतात. परीक्षेत पांढराच मिळतो.

घाटकोपरचा गॉगल

अंधेरीहून मेट्रोने घाटकोपरला जाताना अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या बाजूने काचेच्या इमारती लागतात. 2014 साली ही मार्गिका सुरू झाली तेव्हापासून उपनगराला स्वतःचं प्रतिबिंब बघत प्रवास करायची सोय झाली आहे: निळसर काचांत शेजारची चाळ, चाळीवरच्या पाण्याच्या टाक्या आणि तुटक्या तुटक्या चौकोनांत पळणारी आपलीच गाडी.

घाटकोपर हे चित्रकार अतुल दोडियांचं गाव. जन्म 1959 चा, शिक्षण जे. जे.त, आणि जगभर प्रदर्शनं झाली तरी मुक्काम आणि स्टुडिओ घाटकोपरलाच. त्यांचं 1994 मधलं 'द बॉम्बे बकनियर' हे चित्र 'बाजीगर' सिनेमाच्या पोस्टरवर बेतलेलं आहे; हिरोच्या जागी चित्रकार स्वतः, डोळ्यांवर गॉगल. गॉगलच्या काचांत आणखी दोन चित्रकार: एका काचेत भूपेन खख्खर, दुसऱ्या काचेत डेव्हिड हॉकनी.

बाभईच्या तांब्यात जे कोणी बसलं होतं ते उमटलं. इथे तसं नाही. घाटकोपरच्या खोलीत हॉकनी आलेले नव्हते. चित्रकाराने त्यांना काचेत बोलावलं आहे. आपल्यासमोर कोण उभं असावं हे तो ठरवतो आहे, फिल्मी पोस्टरच्या थाटात, थोडं हसत. आणि माणूस तरी कोणता निवडला! 1960 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या पोहण्याच्या तलावांचं पाणी कसं रंगवायचं यामागे लागलेला चित्रकार, ज्याच्या 1967 मधल्या 'अ बिगर स्प्लॅश'मध्ये उडी मारणारा गायब आहे आणि नुसतं उसळलेलं पाणी आहे. पुढे 2001 साली त्याच हॉकनींनी पुस्तक लिहून दावा केला की व्हॅन आइकच्या काळापासून युरोपातले चित्रकार आरशांची आणि भिंगांची मदत घेत आले. त्या दाव्यावर विद्वानांत अजून भांडणं आहेत.

मुंबईत पाण्यात वाकून बघणारे दुसरे चित्रकार म्हणजे गिव्ह पटेल, पेशाने डॉक्टर. विहिरीच्या काठावरून खाली दिसणारं आभाळ आणि झाडं यांची त्यांनी मालिकाच केली. त्या चित्रांत बघणारा स्वतः दिसत नाही, हे मला नेहमी चमत्कारिक वाटत आलं आहे.

तपासणाऱ्याने ग्रुप पाहिलेला नसतो

मुलुंडला एका निवृत्त चित्रकला शिक्षकांकडे गेलो. अनेक वर्षं त्यांनी शाळेच्या केंद्रावर ग्रुप लावले, आणि उत्तरपत्रिका तपासायलाही बसले. माझा प्रश्न साधा होता: बाईंच्या सांगण्यावरून एखाद्या मुलाने पेला निळा न करता खरोखर दिसतो तसा, मरून आणि राखाडी तुकड्यांचा काढला, तर त्याला गुण मिळतील का?

सर हसले. म्हणाले, तपासणाऱ्यापुढे गठ्ठा असतो, ग्रुप नसतो. चित्र कुठल्या केंद्रावरचं, मुलगा कुठल्या कोनात बसला होता, शेजारी कुणाचा शर्ट कोणत्या रंगाचा होता, यातलं त्याला काही ठाऊक नसतं. पेल्यावर लाल डाग दिसला तर तो त्याला प्रतिबिंब वाटेल किंवा रंग ओघळलेला वाटेल. पहिली शक्यता चांगल्या रेखाटनामुळे वाढते. म्हणून कृतीने काढलेला पेला सुरक्षित, खरा पेला धोक्याचा.

यात केंद्रावरच्या अडचणी आणखी. अर्धवर्तुळात बसलेल्या प्रत्येकाला काचेत वेगळं दिसतं, त्यामुळे पर्यवेक्षकाला कुणाचं बरोबर हे सांगता येत नाही. सप्टेंबरात ढग येतात-जातात. साडेदहाची चमक साडेबाराला दुसरीकडे गेलेली असते. काही मुलं मग दोन्ही काढतात आणि पेल्याला दोन सूर्य मिळतात. पाणी भरलेला पेला ठेवला तर धक्का लागून सांडतो. एकदा तर शिपायाने चहाच्या वेळी पेला रिकामा करून, धुऊन, पालथा घालून ठेवला होता. मुलांनी तक्रार केली नाही. ज्यांचं रंगवून झालं होतं त्यांचा पेला भरलेला राहिला आणि उरलेल्यांनी पालथा काढला. तेव्हापासून सर केंद्रावर काच ठेवत नसत. स्टीलचा एक डबा, त्याच्याशेजारी एखादी पूर्ण खरखरीत वस्तू, नारळ किंवा मातीचं मडकं. चकाकी शेजारच्या खरखरीतपणाने कळते, एकटी ठेवली तर नुसता गोंधळ होतो, असं त्यांचं मत. मला ते पटलं. हेडाच्या चित्रांतही चांदीच्या ताटाशेजारी सोललेलं लिंबू आणि पावाचा तुकडा उगीच नसतो.

आता घरी चार-पाच मुलं येतात, त्यांना ते एक वेगळाच सराव देतात. पेल्याची बाह्यरेखा काढायचीच नाही. आत दिसणारे तुकडे तेवढे रंगवायचे, शेजारी शेजारी, आणि कागदाच्या मागे प्रत्येक तुकड्याचं मूळ लिहायचं: ट्यूबलाइट, पडदा, दाराची फट, मी. एका मुलीच्या कागदामागे 'आजीची औषधांची पिशवी' असं लिहिलेलं मी वाचलं. पुढच्या बाजूला तो जेमतेम नखाएवढा केशरी डाग होता. यादी संपली की मग काठाचं लंबवर्तुळ आणि बुडाचं लंबवर्तुळ काढायचं. ही दोन बिनचूक आली की मधल्या तुकड्यांचा पेला आपोआप होतो, रेघ ओढावी लागत नाही.

परीक्षेसाठीही ते हीच वाटणी करून देतात. काठ आणि बूड काटेकोर, एकही वळण चुकता कामा नये, कारण तपासणारा भांडं तिथेच ओळखतो. मधला भाग ज्याचा त्याचा. एवढं सांगून सरांनी पुढच्या सरावासाठी स्वयंपाकघरातून डबा मागवला. आतून काकूंनी विचारलं, "भरलेला देऊ की रिकामा?"